करकरीत पानं
चेलोवादक गेला की त्याच्या स्वरलिपीची पानं आम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवतो. हॅरल्ड टाल्बट यांचं खोकं घेऊन त्यांच्या पत्नी गाडी चालवत ॲशव्हिलहून आल्या. मी अधाशासारखं ते उघडलं. गज कसा ओढायचा, कुठलं बोट कुठे ठेवायचं, हे हॅरल्ड पेन्सिलीनं पानावरच लिहीत. विद्यार्थी त्यासाठीच ताटकळले होते. पानं मात्र दुकानातून आणल्यासारखी करकरीत. “पेन्सिलीच्या खुणा कुठायत हो?” “खोडल्या. सगळा हिवाळा घासत होते,” त्या कौतुकाची वाट बघत म्हणाल्या. “हॅरल्डचा गबाळेपणा लोकांना कशाला दाखवायचा, पोरी?” मी पान खिडकीशी तिरकं धरलं, पुन्हा धरलं, काहीच दिसेना. “तेच हवं होतं का तुला?” मला ‘नाही’ म्हणवेना. त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. “खोडरबराचा चुरा अजून व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत आहे,” त्या किल्ल्या चाचपत म्हणाल्या. “आणू?”