घोड्याचे पुढचे पाय

दुपारच्या प्रयोगाला अर्धा तास उरला होता. रंगपटात वकिलांनी पत्र वाचून दाखवलं. गेल्या आठवड्यात वारलेल्या आत्याने आपलं टेकडीखालचं घर, बागेसकट, भाच्याच्या नावे केलं होतं.

भाचा म्हणजे नाटकातल्या घोड्याचे मागचे दोन पाय. एकोणीस वर्षं तो त्या कापडी पोटात कंबरेतून वाकून चालत आला होता. कंपनीत त्याला सगळे 'मागचा'च म्हणत.

"अहो, बसा ना!" मालक म्हणाले. त्यांच्या तोंडून 'अहो' तो पहिल्यांदाच ऐकत होता. "आजपासून तुम्ही पुढचे पाय. घोड्याचं डोकं तुमचं. प्रयोग संपला की एक सही करा, त्या बागेत आपण थिएटरच उभारू."

आठ वर्षं बोलणं टाकलेला चुलतभाऊ दारात दत्त म्हणून उभा होता. "सही परक्याच्या कागदावर कशाला, दादा? माझ्याकडे तयार आहे," तो गहिवरून म्हणाला.

जोडीदाराने, म्हणजे आजवरच्या पुढच्या पायांनी, मुकाट्याने घोड्याचं डोकं भाच्याच्या हातात दिलं आणि स्वतः मागे जाऊन वाकला.

रंगमंचावर आल्यावर त्याने घोड्याच्या तोंडातल्या जाळीतून बाहेर पाहिलं. इतकी वर्षं प्रेक्षक म्हणजे भिंतीपलीकडची नुसती गाज होती. आता तिथे चेहरे होते, पिवळ्या उजेडात तरंगणारे. पहिल्या रांगेत चुलतभाऊ मान डोलावत होता. विंगेत मालक पेन उघडून उभे होते. सगळे त्याच्याकडे बघून गोड हसत होते, पाण्याखालून हसावं तसे. तो चालायचंच विसरला.

"डावा आधी," मागून जोडीदार कुजबुजला. "काय रे, काय झालं?"

"काही नाही. सगळे माझ्याकडे बघतायत."

मागून आवाज आला, "आत्या कशी होती रे तुझी?"

सकाळपासून हे कुणीच विचारलं नव्हतं.

"शिट्टी वाजवायची," तो म्हणाला. "भर रस्त्यात. आमचे वडील लाजेने लाल व्हायचे."

घोडा वळला. राजपुत्राला पाठीवर न घेताच विंगेत शिरला, मालकांना ढुशी देऊन पुढे गेला, मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरला. आत टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर पांढरंशुभ्र ऊन पडलं होतं.

"पाय पोळतायत," जोडीदार म्हणाला. "कुठे निघालोय आपण?"

"जरा लांब आहे. दमलास तर सांग."

चौकातल्या पोलिसाने एकदा डोळे चोळले. मग हात वर केला. दोन्हीकडची वाहनं थांबली, आणि घोडा ऐटीत रस्ता ओलांडून टेकडीकडे चालू लागला.