शिक्क्याच्या अलीकडे

इमिग्रेशनच्या काउंटरवर अधिकाऱ्यानं रेवतीच्या पासपोर्टवर शिक्का मारला, आणि तिच्या आईचा, शकुंतलाबाई ढवळ्यांचा, पासपोर्ट पानापानानं चाळून परत सरकवला.

वाटेत इथं विमान बदलायचं होतं, पण पुढचं विमान रद्द झालं होतं. विमान कंपनीनं उद्यापर्यंत सगळ्यांची सोय शहरातल्या हॉटेलात केली होती. शकुंतलाबाईंना वाटलं, फोटो जुळत नसावा. त्या चष्मा काढून, पदर सारखा करून ताठ उभ्या राहिल्या. अधिकारी मान हलवतच राहिला.

“आई, मी आता ऑस्ट्रेलियाची नागरिक आहे. मला इथं व्हिसा लागत नाही, तुला लागतो,” रेवती म्हणाली.

“अगं, पण आपण एकाच विमानातनं उतरलो ना?”

रेवती परत यायला वळली, तर पोलिसानं हात आडवा केला. शिक्का बसला होता; आता मागं फिरता येणार नव्हतं. सहावा महिना लागलेल्या लेकीचे पाय सुजले होते. ती रडायला लागली, तशी शकुंतलाबाईंना काही सुचेना. रागवावं, की समजूत घालावी? अखेर त्यांनी अंगावरची शाल काढून काउंटरवरून तिच्या हातात दिली.

“जा, आडवी हो जरा. मला काय धाड भरलीय? मी बसते इथंच.”

रेवती वळून वळून बघत गेली. दार मिटलं. शकुंतलाबाई बाकावर येऊन टेकल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपला फोन रेवतीच्या पर्समध्ये राहिलाय आणि उद्या भेटायचं कुठं, हे दोघींनी ठरवलंच नाही.