अठरा फुटी

आमच्या दुकानात समुद्रात वल्हवायच्या कयाक भाड्याने मिळतात. आत्याला पाच दिवस बेटाबेटांवर तंबू ठोकत एकटीने फिरायचं होतं. मी म्हटलं, चौदा फुटी पुरेल. तिने हट्टाने अठरा फुटी नेली आणि तिच्यात कुकर, घडीची खुर्ची, दोन उशा असं सगळं ठासून भरलं.

पाच दिवसांनी ती परत आली आणि सामान उपसायला लागली.

“लहान पडली का?” मी विचारलं.

“तिसऱ्या दिवशी अगदी शेजारून देवमासा गेला. आधी डोळा दिसला. मग पाठ, आणि मग नुसती पाठच. शेपूट येईपर्यंत मी वल्हं छातीशी धरून बसले होते.”

“मग पुढच्या वेळी याहून मोठी देऊ?”

“चौदा फुटी दे,” आत्या म्हणाली. “एवढं मोठं धूड रे ते, पण बरोबर एक पिशवीसुद्धा नव्हती.”