धुळीवरचा गूळ

"माझे कारखान्याचे कपडे धुवायच्या आधी तू झटकायचीस का?" शरणबसप्पानं विचारलं.

गिरिजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. तेवीस वर्षं या नवऱ्यानं मळके कपडे मोरीत टाकले. पुढं त्यांचं काय होतं, हे एकदाही विचारलं नाही. आणि आता, कारखान्याला टाळं लागून दहा वर्षं झाल्यावर, ही चौकशी.

"झटकायची न्हाय तर काय! नुसतं पीठ असायचं त्येच्यात. नवरा गिरणीत कामाला हाय व्हय गं, म्हणून शेजारणी हसायच्या मला."

"कुठं झटकायचीस?"

"मागल्या दारी, धुण्याच्या दगडावर. आजारानं डोस्कं फिरलंय का वो तुमचं?"

तो उठला, मागल्या दारी गेला आणि त्या दगडाकडं बघत उभा राहिला. भाकरी गार झाली तरी आत आला नाही.

कारखाना सिमेंटच्या पत्र्यांचा. पोतं फाडायचं आणि आतलं पांढरं, कापसासारखं ॲस्बेस्टॉस मशीनमध्ये ओतायचं, हे शरणबसप्पाचं काम. मालकानं तोंडाला बांधायला साधं फडकं दिलं नाही. पाळी सुटताना गुळाचा एक खडा मात्र रोज दिला. गुळानं धूळ उतरते म्हणे. धूळ छातीत जात होती आणि गूळ पोटात, एवढं न कळायला मालक खुळा नव्हता. फडक्यापेक्षा गूळ देऊन बोळवण करणं सोपं होतं, बस. शरणबसप्पा तो खडाही खायचा नाही. खिशात घालून बायकोसाठी आणायचा. ती त्यावरची धूळ फुंकायची आणि तोंडात टाकायची.

दिवाळीनंतर एक दिवस तो सोलापूरहून एकटाच आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गिरिजा, मला कॅन्सर हाय. छातीच्या अस्तराचा. त्या धुळीचाच. दर तीन आठवड्याला सोलापूरला जावं लागंल. मला एकट्याला न्हाय जमायचं. तू येशील का संगं?"

"हे काय इचारणं झालं?" ती म्हणाली, आणि चुलीपुढं जाऊन रडली.

स्वतःसाठी ती दवाखान्याची पायरी चढणारी बाई नव्हतीच. गेल्या साली स्कूटरवरून पडून गळ्याखालचं हाड मोडलं, तर हळदीचा लेप लावून बसली होती. शेवटी लेकानं, नंदीशनं, दटावून नेलं आणि हाडाला पट्टी अन् सहा स्क्रू ठोकून आणले. या पावसाळ्यात छातीत पाणी झालं, तेही खोकला म्हणून महिनाभर दडपलं. पाणी काढून घरी आली तेव्हा मात्र ऐटीत सांगत होती, "माझं मशीन नवं झालं बघा. आता तेवढं ह्येंचं तपासा."

आणि तपासलं तर हे निघालं. तिला वाटायचं, आपल्याच तोंडानं आपण हे ओढवलं. तिनं देवापुढं गूळ सोडला. हा बरा होईतोवर जिभेला गूळ लावायचा नाही.

नळदुर्गहून सकाळची एसटी. दवाखान्यात पोचलं की तो "इंजेक्शन घेऊन येतो" म्हणून आतल्या दारानं जायचा. बाहेरच्या खाटेवर तिला सलाईन लावायचे.

"मला कशाला गं?" पहिल्या खेपेला तिनं नर्सला, करिश्माला, विचारलं होतं.

"ताकदीची हाय, मावशी. पाणी काढल्यापासून अंगात काय राहिलंय तुमच्या? तुम्ही पडलात तर काकांना कोण बघंल?" करिश्मा म्हणाली आणि सुई टोचून पटकन वळली.

दोन-तीन तासांनी तो परत यायचा. एकदा त्याच्या तोंडाला चहाचा वास आला.

"आत चहा देत्यात व्हय?"

"देत्यात."

"मला न्हाय दिला त्यो कुणी!"

"तू मागितला न्हाईस." तो हसला, पण हसता हसता तोंड फिरवलं.

हा माणूस तिला कळेनासा झाला होता. दुखतं का विचारलं तर म्हणायचा, "तुला दुखतंय का?" जेवायला बसला की आपल्या ताटातलं तूप तिच्या भाकरीवर. आणि दवाखान्याचं ते मोठं पाकीट! कपाटावर, ट्रंकेच्या मागं सारून ठेवलेलं.

"बघू तरी, काय हाय त्यात," ती म्हणायची.

"छातीचा फोटो हाय. तुला काय कळणार त्यातलं?"

"का? माझ्या नवऱ्याची छाती हाय. म्या न्हाय बघायची तर कुणी बघायची?"

त्यावर तो ताडकन उठून बाहेर जायचा.

सोमवारी तो देवळात गेला. गिरिजाबाईनं स्टूल ओढलं. चढताना दम लागला, म्हणून कपाटाला धरून जरा थांबली. मग ट्रंक सरकवली आणि पाकीट काढलं. तिला एवढंच बघायचं होतं, की ती मेली धूळ आत जाऊन दिसते तरी कशी.

घरात नीट दिसेना. ती मागल्या दारी, धुण्याच्या दगडापाशी आली आणि तो काळा फोटो उन्हाला धरला.

फासळ्या दिसल्या. एका बाजूला काळं, मोकळं. दुसऱ्या बाजूला पांढरं, जणू कुणी आत पीठ झटकलं होतं.

"यप्पा," ती पुटपुटली. "केवढी ही धूळ! कसं सोसलं असंल वो तुम्ही?"

तिनं त्या पांढऱ्यावरून हलक्या हातानं बोट फिरवलं, मायेनं, वर वर नेत. गळ्याखाली बोट थांबलं. तिथल्या हाडावर एक चकचकीत पट्टी होती, आणि पट्टीत सहा स्क्रू.