कार्बनची पाटी

स्वामी सरांनी H लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी राजेश्रीच्या गळ्यात अडकवली. तिनं ती काढली आणि बाकावर ठेवली.

"मी उद्या येत न्हाई, सर," ती म्हणाली.

उद्या ताडकळसला विज्ञान प्रदर्शन होतं. नववीच्या वर्गाचा संयुगांचा खेळ सरांनी तिथं नोंदवला होता. खेळ साधा होता. वर्गातला प्रत्येक जण एक अणू. ज्याची संयुजा जितकी, तितके त्याचे हात. हायड्रोजन, सोडियम, क्लोरिन यांना एकच हात, म्हणून त्यांनी दुसरा हात पाठीमागं घ्यायचा. ऑक्सिजन आणि कॅल्शियमला दोन. एकमेकांचे हात धरायचे आणि कुणाचाही हात रिकामा राहू द्यायचा नाही. रिकामा राहिला तर संयुग झालं नाही. झालं, की वर्गानं नाव सांगायचं आणि एकानं फळ्यावर सूत्र लिहायचं. कॅल्शियम आणि ऑक्सिजन समोरासमोर दोन्ही हात धरून फुगडीसारखे उभे राहिले, की मागच्या बाकावरच्यांनाही कॅल्शियम ऑक्साइड आठवायचं.

पहिल्या दिवशी खेळ वेगळ्याच ठिकाणी अडला होता. मुलगे मुलींचे हात धरेनात, मुली मुलग्यांचे धरेनात. सरांनी खिशातली दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढली. एक टोक मुलानं धरायचं, दुसरं मुलीनं. तेव्हापासून सगळे घरून दस्ती आणू लागले.

राजेश्रीला डावा हात कोपरापर्यंतच होता. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना मळणी यंत्रात पुढचा गेला. सरांनी खूप विचार करून तिला H ची पाटी दिली होती. हायड्रोजन झालेली सगळीच मुलं एक हात पाठीमागं घेतात. त्या रांगेत राजेश्री वेगळी दिसत नसे. ही युक्ती सुचल्याचं सरांना मनातून समाधान होतं. त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. राजेश्रीला मात्र ती पहिल्याच दिवशी कळली होती.

सूत्रं वर्गात सगळ्यांच्या आधी तिला येत. कॅल्शियम क्लोराइड करायला क्लोरिन दोन लागणार, हे ती कुणी उठून उभं राहायच्या आधीच सांगे. पाटी मात्र तिच्या वाट्याला कायम H. फार तर Na.

उद्या का यायचं नाही, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, की लय दिवस नुसतं हायड्रोजनच व्हतेय.

"अगं, तुझ्याबिगर पाणी तरी व्हतंय का?" विरेश म्हणाला. वर्गात सगळ्यांत बोलका तोच. मुलं हसली. राजेश्रीलाही थोडं हसू आलं, पण पाटी तिनं उचलली नाही.

"मला कार्बन व्हायचंय," ती म्हणाली.

हसणं थांबलं. C ची पाटी सरांनी बाकीच्यांबरोबरच केली होती, पण ती कपाटाबाहेर कधी आली नव्हती. कार्बनची संयुजा चार. तो फक्त फळ्यावर काढून दाखवायचा. सगळ्यांची नजर राजेश्रीच्या बाहीकडं गेली आणि लगेच दुसरीकडं वळली.

सर तिच्या बाकापाशी आले. इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी तिला समजावलं. ऑक्सिजनचं काहीतरी जमवता येईल, पण कार्बनला चार हात लागतात. तिथं परीक्षक असतील, बाहेरची मुलं असतील. उगीच कुणी काही बोललं तर तिलाच वाईट वाटेल.

"म्हाईत हाय, सर," राजेश्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पण चार कुणाला हायेत?"

सरांनी वर्गाकडं पाहिलं. बत्तीस मुलं होती. त्यांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. शेवटी आपल्या स्वतःच्या हातांकडं पाहिलं.

मग ते कपाटाकडं गेले. C च्या पाटीवरची धूळ त्यांनी फुंकरीनं उडवली आणि ती राजेश्रीच्या गळ्यात अडकवली. पुढं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिलाच विचारलं.

तिनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. शेजारी बसणाऱ्या ऋतुजानं तिच्या सांगण्यावरून तिची ओढणी कमरेला घट्ट आवळली. ओढणीला चार बाजूंनी चार दस्त्या बांधल्या. दस्त्यांची मोकळी टोकं चार हायड्रोजननी धरली. त्यांतला एक विरेश होता. चौघांनी आपापला एक हात पाठीमागं घेतला.

सरांनी संयुगाचं नाव विचारलं. वर्ग म्हणाला, मिथेन.

"थांबा सर," विरेश म्हणाला. "हिचा हात तर रिकामाच ऱ्हायला की. मग संयुग झालं न्हाई. नियम तुमचाच हाय."

त्याचं खरं होतं. चारही बंध पुरे झाले होते, आणि राजेश्रीचा उजवा हात तसाच उरला होता.

"रिकामा कुठं हाय?" राजेश्री म्हणाली. चार हायड्रोजन मागं ओढत ती फळ्यापाशी गेली, उरलेल्या हातानं खडू उचलला आणि लिहिलं: CH₄.