खुर्चीला बांधलेली छत्री

सून घरबसल्या दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करून द्यायची. घरबसल्या म्हणजे गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवलेल्या खुर्चीत, कारण अख्ख्या घरात नेट तेवढं तिथेच मिळायचं. उन्हासाठी तिने खुर्चीला छत्री बांधली होती. पाऊस लागला की काम बंद. इंटरनेटचा नकाशा करणारा सर्वेक्षक आला तेव्हा ती बाजारात गेली होती, घरी एकटे सासरे होते. ज्या घरांत नेट चालत नाही, तिथे आधी केबल टाकणार होते. "तुमच्याकडे नेट कुठे वापरतात?" त्याने विचारलं. आल्या पाहुण्याला साध्या जागी बसवणं सासऱ्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी त्याला गच्चीवर नेलं, खुर्ची पुसून दिली, वर छत्रीही उघडली. त्याने बसल्या बसल्या मोबाइलवर वेग मोजला आणि नकाशावर घर हिरवं केलं. सून परतली तेव्हा सासरे फाटकातच उभे होते. "शेजारच्यांचं घर लाल आलं," ते खुशीत म्हणाले, "आपलं एका फटक्यात हिरवं. तुम्हाला केबलची गरजच नाही म्हणाला." सुनेने पिशवी खाली ठेवली. "बाबा, त्याने घरात मोजलं का?" "घरात?" सासऱ्यांना तिच्या भोळेपणाचं हसू आलं. "घरात कशाला मोजेल? घरात रेंज येते तरी का?"