तुला अबोलीच आवडते

“अजून थोडी डावीकडे. मान जराशी वळव,” मोबाइल डोळ्यांसमोर धरून निरंजन म्हणाला. मैथिली देवळाच्या पायरीवर सरकली. खाली चिऱ्याच्या घरांची आळी उन्हात पहुडली होती. कोरीव दारं, सारवलेली अंगणं, सगळं जुनंच, पण निगुतीनं जपलेलं. लग्नानंतर दोघं प्रथमच कुठं बाहेर पडली होती. या गावात मी याआधी कधी आलो नाही, असं निरंजननंच सांगितलं होतं. पण इथला बोळ न् बोळ त्याला पाठ होता.

फुलवाली म्हातारी जवळ आली. “साहेब, खूप दिवसांनी येणं केलंत! बाईंना अबोलीच ना?” मग तिनं मैथिलीकडे नीट पाहिलं आणि जीभ चावली.

निरंजननं गजरा घेतला.

“मला जुई आवडते,” मैथिली हळूच म्हणाली.

“छे! तुला अबोलीच आवडते,” तो हसत म्हणाला आणि तिच्या केसांत गजरा माळू लागला.

मैथिलीनं रागानं मान मागे घेतली. त्याची पहिली बायको पूर्वा आजारपणात गेली, एवढंच तिला ठाऊक होतं.

“पूर्वा इथंच उभी होती का रे?”

निरंजनचा चेहरा उतरला. त्यानं मान डोलावली आणि खालच्या पायरीवर मटकन बसून तो रडू लागला. मैथिली उतरून त्याच्याजवळ बसली. राग केव्हाच ओसरला होता. भीती मात्र तेव्हा वाटली, जेव्हा पूजेची ताटं घेऊन आलेल्या बायका ती मघाशी उभी होती त्या वरच्या रिकाम्या जागेला, तिथं कुणी उभं असल्यासारखा, वळसा घालून, अंग चोरून देवळात गेल्या.